सर्व्हिस रोड गेला, आता धावायचं कुठे?

येत्या रविवारपासून आमच्या धावगटाची जमायची जागा बदलते आहे. गटातल्या बायकांना ही बातमी कळली आहेच, पण ती इथे मुद्दाम लिहिते, कारण प्रश्न आमच्या पंचवीस-तीस जणींपुरता नाही.

घोडबंदर रोड ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ठाण्याच्या कापूरबावडीपासून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा असं करत हा रस्ता गायमुखाकडे जातो. एका अंगाला येऊरचे डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मध्ये न्हावाशेवा बंदराकडून गुजरातच्या दिशेने जाणारे कंटेनर. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी इथे पाडे होते आणि भातशेती होती. आता टॉवर आहेत. मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सर्व्हिस रोड होते, आणि पहाटे साडेपाच-सहाला ते खऱ्या अर्थाने आमचे असायचे. दूधवाला, पेपरवाला, कामावर निघालेल्या मावश्या आणि आम्ही. मग मेट्रोचं काम आलं. 2025 च्या सप्टेंबरात गायमुखच्या बाजूला मेट्रोची चाचणीही झाली, त्याचा आनंद आहेच. त्याच वर्षी सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात सामावून घेण्याचं कामही जोरात सुरू झालं. वाहतूक कोंडीवर हा उपाय. कोंडी आम्हीही सोसतो, घरातली माणसं रात्री नऊला घरी येतात ती या कोंडीमुळेच. पण रस्ता रुंद करताना चालणाऱ्याचं काय, मुलाला शाळेच्या बसपर्यंत सोडणाऱ्या आईचं काय, हा प्रश्न नकाशावर कुठे दिसत नाही.

आमच्या गटाचा अनुभव असा की जागा गेली की आधी बायका गळतात. पुरुष गळत नाहीत. त्यांचा गट सात वाजता, उजाडल्यावर, लांबच्या बागेत गाडी काढून जातो. 2024 च्या फेब्रुवारीत कोलशेतला मोठं सेंट्रल पार्क सुरू झालं, तिथेही जाता येतं. बाईला ते जमत नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या पुढे उगवतो. शाळेचा डबा त्याआधी भरावा लागतो, पाणी त्याआधी येऊन जातं. म्हणजे बाईची स्वतःची वेळ काय ती पहाटे साडेपाच ते साडेसहा. ती वेळ अंधाराची आहे आणि ती घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावरच खर्च होऊ शकते. म्हणून रस्त्यावरचा दिवा आणि फूटपाथ याला मी चैन म्हणत नाही. ज्या रस्त्यावर दिवा नाही त्या रस्त्यावर तुम्ही बाईला "धावू नकोस" असंच सांगितलेलं असतं, फक्त शब्दांत नाही.

हे "धावू नकोस" फार जुनं आहे बरं का. 1928 साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची 800 मीटरची शर्यत झाली. शेवटी काही जणी दमून खाली बसल्या, तर वर्तमानपत्रांनी काहीबाही रंगवून लिहिलं आणि ती शर्यतच रद्द झाली. ती परत यायला 1960 साल उजाडलं. पुरुष शर्यतीनंतर आडवे पडतात ते शौर्य! अमेरिकेत बॉस्टन मॅरेथॉनला 1966 मध्ये बॉबी गिब ही तरुणी झुडपात लपून बसली आणि शर्यत सुरू झाल्यावर घुसली. पुढच्या वर्षी कॅथरिन स्वित्झर रीतसर नंबर लावून धावली, तेव्हा एक आयोजक तिला ओढून बाहेर काढायला धावला होता. बायकांना अधिकृत प्रवेश मिळाला 1972 मध्ये, आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली ती 1984 मध्ये. आमच्यातल्या बऱ्याच जणी तेव्हा जन्मलेल्या किंवा शाळेत होत्या, इतकी ती अलीकडची गोष्ट आहे.

तिकडे तेव्हा बायकांना सांगायचे की धावलीस तर गर्भाशय खाली येईल. आमच्या गटात नवी बाई आली की पहिल्या आठवड्यात तिची सासू किंवा शेजारीण हेच सांगते. तसं काही होत नाही. पण एक गोष्ट होते आणि ती कुणी बोलत नाही, म्हणून लिहितेच. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईला धावताना, शिंकताना, दोरीवर उडी मारताना थोडी लघवी होते. ती गुपचूप घरी बसते आणि "गुडघे दुखतात" असं कारण सांगते. ओटीपोटाच्या खालचे स्नायू सैल पडल्यामुळे हे होतं, आणि त्या स्नायूंचे साधे व्यायाम आहेत. लघवी थांबवताना जे स्नायू आपण आवळतो तेच बसल्या-बसल्या आवळायचे आणि सोडायचे. नियमाने केले तर बहुतेकींना काही महिन्यांत फरक पडतो. नाही पडला तर डॉक्टरांकडे जायचं, लाजायचं नाही. पुढच्या महिन्यात एक फिजिओथेरपिस्ट ताई गटात येऊन हे शिकवणार आहेत. त्या दिवशी पुरुषांना प्रवेश नाही, एवढं स्पष्ट सांगून ठेवते.

दुसरा कार्यक्रम हिमोग्लोबिन तपासणीचा. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. हा आकडा ऐकून आपण मान हलवतो आणि पुढे जातो. धावायला लागलं की तो आकडा आपल्या छातीत कळतो. शंभर पावलांत धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि बाई म्हणते, "माझं वय झालं." बत्तीस वर्षांच्या बाईनं हे म्हटलेलं मी ऐकलं आहे. पाय ठीक असतात, कमी असतं ते रक्त. म्हणून आता नवीन येणारीला आधी तपासणी, मग बूट, असा क्रम ठेवला आहे. कुणाला बीपी, साखर किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आम्ही तिला पळवत नाही. सुरुवात अगदी साधी असते. एक मिनिट सावकाश पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं वीस मिनिटं. बोलता येईल इतकाच वेग. बोलणं आमच्याकडे भरपूर असतं, त्यामुळे वेग आपोआपच आटोक्यात राहतो!

कपड्यांचा प्रश्न निघतोच. ट्रॅक पँट घातलीच पाहिजे असं काही नाही. पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला बांधून धावणाऱ्या आमच्यात चौघी आहेत. बारामतीच्या लता करे आजी तर नवऱ्याच्या तपासण्यांच्या खर्चासाठी नऊवारीत, अनवाणी मॅरेथॉन धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. त्यांच्यावर 2020 मध्ये सिनेमा आला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. हे सांगते तेव्हा सगळ्या टाळ्या वाजवतात. मला मात्र त्या टाळ्यांत थोडं अवघडायला होतं. पासष्टीच्या आसपासच्या बाईला औषधोपचारासाठी धावावं लागलं, यात कौतुकाबरोबर लाजेचाही भाग आहे. आणि अनवाणी धावणं हा आदर्श नाही. पैसे खर्च करायचेच तर बुटांवर आणि आतल्या चांगल्या, घट्ट बसणाऱ्या अंतर्वस्त्रांवर करा, टी-शर्ट नवऱ्याचा जुना चालतो.

स्पर्धांचं म्हणाल तर ठाण्याची पावसाळी वर्षा मॅरेथॉन करोनाच्या काळापासून बंद पडली होती, ती 2025 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा झाली. मुंबई मॅरेथॉन 2004 पासून होते, अलीकडे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. पूर्ण 42.195 किलोमीटर कुणी धावा असं मी म्हणत नाही, दहा किलोमीटरचीही शर्यत तिथे असते. त्या पहाटे कल्याणहून खास लोकल सुटते, गेली काही वर्षं. आमच्यातल्या सहा जणींनी दहा किलोमीटरचं ठरवलं आहे. याच शर्यतीत साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर भारतीय महिलांमध्ये पहिल्या आल्या होत्या, आणि पुढे 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीपर्यंत पोचल्या. दुष्काळी तालुक्यातली मुलगी! माणमध्ये काय सिंथेटिक ट्रॅक होता? पण मोकळा रस्ता होता, हे विसरून चालणार नाही. सावरपाड्याच्या कविता राऊतांनाही आधी रस्ताच मिळाला. शहरात आपण तोच काढून घेतो आहोत.

म्हणून एक मागणी लेखी द्यायची ठरवली आहे. काम संपेपर्यंत आठवड्यातून एकदा, रविवारी पहाटे साडेपाच ते आठ, वस्तीच्या आतला एखादा रस्ता गाड्यांना बंद ठेवावा आणि दिवे चालू ठेवावेत. हे काही जगावेगळं नाही. मुंबईत 2022 च्या मार्चमध्ये पोलिसांनी 'संडे स्ट्रीट्स' नावाने रविवारी सकाळी काही रस्ते लोकांसाठी मोकळे केले होते. तिथे मुलं सायकली चालवत होती, आजोबा योगासनं करत होते. दुसरी मागणी, नव्या रुंद रस्त्याला सलग फूटपाथ हवा. मध्येच झाड, मध्येच डीपी, मध्येच टपरी असा नको. या पत्रावर सह्या घेताना मी पाड्यावरच्या मावश्यांकडेही जाणार आहे. त्या हौसेनं धावत नाहीत, कामाला उशीर होऊ नये म्हणून रोज अर्धा तास झपाझप चालतात, आणि अंधाऱ्या रस्त्याचा त्रास सगळ्यात जास्त त्यांनाच आहे. तुमच्या गावातही बायपास, चौपदरीकरण, काँक्रिटीकरण काही ना काही चालू असेलच. काम सुरू व्हायच्या आधी नगरपालिकेत जाऊन फूटपाथ आणि दिवे नकाशात आहेत का ते बघून या. नंतर फार अवघड जातं.

तर रविवारपासून आम्ही पातलीपाड्याला आतल्या बाजूच्या रस्त्यावर भेटणार आहोत, पावणेसहाला. थोडा चढ आहे, सवय होईल. महिन्यातला शेवटचा रविवार उपवन तलाव ते येऊरचा चढ, पण तो उजाडल्यावरच, कारण वर जंगल आहे आणि बिबट्याही आहे. येताना पाण्याची बाटली, छोटा टॉर्च आणि शक्यतो उजळ रंगाचा सदरा. सोन्याची साखळी घरी ठेवा. सव्वासातला सगळ्या घरी.