घोडा की उंट? किंमत प्याद्यांना विचारावी

घोडा उंटापेक्षा भारी, हे मत फार जुने आहे. मानोऱ्यासारख्या वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावी पट मांडला, की उंट देऊन प्रतिपक्षाचा घोडा मारणारा आजही आपण फायद्यात राहिलो असेच मानतो. उलट, पुस्तके वाचून आणि संगणकावर सराव करून तयार झालेला विद्यार्थी तितक्याच ठामपणे उंटाची बाजू घेतो. दोन्ही मते अपुरी आहेत आणि दोघांची चूक एकच आहे. प्यादी कुठे उभी आहेत हे न पाहताच ती मोहऱ्याची किंमत ठरवतात.

घोड्याचे कैवारी सांगतात, की घोडा इतरांच्या डोक्यावरून उडी मारतो, त्याची अडीच घरांची चाल चटकन ध्यानात येत नाही, आणि राजाला शह देता देता तो वजीर उचलतो. हे घडते, यात शंका नाही. पण घडते ते समोरच्याचे लक्ष नसते तेव्हा. सावध खेळाडूविरुद्ध असा दुहेरी मारा अनेक डावांत एकदाही साधत नाही. पटाच्या डाव्या कडेला ए-४ या घरावर घोडा आणि त्याच रांगेत डी-४ वर उंट ठेवून पाहावे. घोड्याला तिथून बी-२, बी-६, सी-३ आणि सी-५ एवढीच चार घरे मोकळी असतात आणि ती चारही त्या एकट्या उंटाच्या माऱ्यात असतात. उडी मारणारे मोहरे जागच्या जागी कैद होते. उंटाचा असा कोंडमारा करण्याची ताकद घोड्यात फार क्वचित दिसते.

मग घोड्याचा इतका दबदबा कशामुळे? त्याचे उत्तर इतिहासात आहे. जुन्या खेळात उंटाच्या जागचे मोहरे तिरके फक्त दोन घरे उडत असे आणि उभ्या डावात ६४ पैकी अवघ्या ८ घरांना पोहोचू शके. घोड्याची चाल मात्र तेव्हाही आजच्यासारखीच होती. उंटाला लांब तिरकी चाल मिळाली ती युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस. शतकानुशतके लंगड्या प्रतिस्पर्ध्यासमोर कमावलेली ही कीर्ती आहे. आपल्याकडच्या देशी पद्धतीने तिला आणखी खतपाणी घातले. त्या पद्धतीत प्यादे सहसा एकेक घरच सरकते, त्यामुळे डाव संथ उघडतो आणि पट बराच वेळ गच्च राहतो. शह बसण्यापूर्वी राजालाही एकदा घोड्याची चाल मिळते. गच्च पटावर उंटाच्या वाटा बंद असतात आणि घोडा मात्र उडत राहतो. हा खेळ आणि युरोपीय खेळ वेगळे आहेत, याची जाणीव इथे फार पूर्वी झाली होती. त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचे बुद्धिबळावरचे पुस्तक १८१४ मध्ये मुंबईत छापले गेले, ते युरोपीय पद्धतीला जुळवून घेऊनच. नियम बदलले, घोड्याविषयीचे मत मात्र जुनेच राहिले.

आता उंटाचे कैवारी. त्यांचा आधार मोजदादीचा आहे. मोकळ्या पटाच्या मध्यावर उंटाला १३ घरे, घोड्याला ८. कोपऱ्यात उंटाला ७, घोड्याला फक्त २. सर्व ६४ घरांची सरासरी काढली तर उंटाला ८.७५ आणि घोड्याला ५.२५ चाली पडतात. एवढ्यावरच किंमत ठरली असती तर उंट घोड्याच्या दीडपटीहून महाग झाला असता, आणि तसा व्यवहार कोणीही जाणता खेळाडू करत नाही. या हिशेबात एक मोठी गोष्ट सुटते. उंट जन्मभर एकाच रंगाच्या घरांवर फिरतो, म्हणजे अर्धा पट त्याच्यासाठी नसतोच. घोडा दर चालीला रंग बदलतो आणि सर्व ६४ घरांना पोहोचतो. मोकळा पट गृहीत धरणे हीदेखील चूकच, कारण डावाच्या सुरुवातीला पटावर १६ प्यादी असतात.

अमेरिकन खेळाडू लॅरी कॉफमन यांनी १९९९ मध्ये बलाढ्य खेळाडूंच्या पुष्कळ डावांची छाननी केली. त्यांच्या मते सुट्या उंटाची आणि सुट्या घोड्याची किंमत सारखीच, सव्वातीन प्याद्यांएवढी. प्यादी जितकी जास्त, तितका घोड्याचा भाव वाढतो, असेही त्यांना आढळले. अल्फाझीरो या संगणकीय प्रणालीवर आधारलेल्या २०२० च्या अभ्यासात घोड्याला ३.०५ आणि उंटाला ३.३३ असा भाव आला. हे सरासरीचे आकडे आहेत. पटावर समोर उभ्या असलेल्या एका उंटाविषयी ते काही सांगत नाहीत.

फ्रेंच बचावात काळ्याची प्यादी ई-६ आणि डी-५ या पांढऱ्या घरांवर रोवली जातात. सी-८ वरचा उंटही पांढऱ्या घरांचाच. तो स्वतःच्याच प्याद्यांच्या भिंतीआड अडकतो आणि त्याच्याबदल्यात घोडा मिळाला तर काळा तो आनंदाने घेतो. उलट घोड्याला असे घर हवे असते, की जिथून शत्रूचे प्यादे त्याला हुसकावू शकणार नाही. १९८५ मध्ये मॉस्कोत झालेल्या जगज्जेतेपदाच्या सोळाव्या डावात कास्पारोव्हने असा घोडा थेट कार्पोव्हच्या छावणीत डी-३ वर रोवला. पांढऱ्याच्या मोहऱ्यांना हलायला जागा उरली नाही आणि कास्पारोव्हने ४० चालींत डाव जिंकला. पण भक्कम घोडा कायम राखावा, हाही नियम नव्हे. १९७१ मध्ये ब्यूनस आयर्सला पेट्रोस्यानविरुद्धच्या सातव्या डावात फिशरने सी-५ वरचा आपला देखणा घोडा डी-७ वरच्या साध्याशा उंटावर खर्च केला. पाहणारे चकित झाले. पण तो उंटच काळ्याचा बचाव सांभाळत होता, आणि तो जाताच फिशरचे हत्ती आत शिरले. मोहऱ्याचे काम पाहून व्यवहार कसा करावा, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा सापडणे कठीण.

डावाच्या अखेरीस प्यादी पटाच्या दोन्ही बाजूंना असतील तर उंट सरस, कारण तो एका दमात इकडून तिकडे जातो. ए-१ वरून एच-८ गाठायला उंटाला एक चाल लागते, घोड्याला सहा. सगळी प्यादी एकाच बाजूला गोळा झाली असतील तर घोड्याचा संथपणा आड येत नाही आणि दोन्ही रंगांवर मारा करण्याची त्याची शक्ती उपयोगी पडते.

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर पद मिळवले. त्याच विदर्भातल्या मुलांना ‘घोडा तीन, उंट तीन’ किंवा ‘घोडा भारी’ एवढे पाठ करून देणे म्हणजे त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांना आधी प्याद्यांची मांडणी वाचायला शिकवावी.

एका बाबतीत मात्र उंटाचे पारडे खरोखर जड आहे. दोन उंट एकत्र असले, की एकाचा अर्धा पट दुसऱ्याच्या अर्ध्याला जोडला जातो. या जोडीला कॉफमन यांनी अर्ध्या प्याद्याची जादा किंमत दिली. दोन घोड्यांना अशी भर मिळत नाही. एकट्या राजाविरुद्ध दोन उंट मात करतात, उंट आणि घोडा मिळूनही कष्टाने करतात. दोन घोड्यांना मात्र ती जबरदस्तीने करता येत नाही.