ऐकविणारें यंत्र व विचारणारा विद्यार्थी

आमच्या इंदिरानगरांत सायंकाळीं कोणत्याहि घरांत डोकावलें तर एक दृश्य हटकून दिसतें. मूल पुस्तक उघडून बसलेलें असतें, आणि पुस्तकाशेजारीं मोबाईल उजळलेला असतो. तें पाहून कोणी म्हणतो, आतां गुरूची गरज सरली. कोणी म्हणतो, आतां विद्येचें वाटोळें झालें. आम्हांस हीं दोन्ही मतें उतावळेपणाचीं वाटतात. या प्रश्नाचा विचार करण्यास दूर जावयास नको. आपल्याच नाशकांत, गंगापूर धरणाजवळ, एक विद्यापीठ सुमारें तीन तपें तो सोडवीत आलें आहे.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ सालीं झाली. प्राध्यापक राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरु. 'ज्ञानगंगा घरोघरी' हें त्याचें ब्रीद, आणि त्याच्या आवाराचें नांव ज्ञानगंगोत्री. तेथील बहुतेक विद्यार्थी त्या आवारांत राहत नाहींत. ते राज्यभर आपापल्या घरीं, शेतावर वा कारखान्यांत असतात. विद्या त्यांच्याकडे जाते ती प्रथम छापील पुस्तकाच्या रूपानें. एकट्यानें वाचून समजावें, अशा बेतानेंच तें पुस्तक लिहिलेलें असतें. त्यास ध्वनिफितींची व चित्रफितींची जोड मिळाली. परंतु विद्यापीठ तेवढ्यावर थांबलें नाहीं. विद्यार्थ्यानें स्वाध्याय लिहावे, आणि अभ्यासकेंद्रांतील संपर्कसत्रांस जाऊन आपल्या शंका शिक्षकापुढें मांडाव्या, अशीहि योजना त्यानें केली.

पुढें हें शिक्षण अंतराळांतूनहि येऊं लागलें. केवळ शिक्षणाकरितां बनविलेला 'एज्युसॅट' हा उपग्रह भारतानें २० सप्टेंबर २००४ रोजीं श्रीहरिकोटा येथून सोडला. त्या योजनेचा पहिला प्रयोग, आधींच आकाशांत असलेल्या 'इन्सॅट-३बी' या उपग्रहाच्या साहाय्यानें, ज्या तीन विद्यापीठांशीं जोडून केला गेला, त्यांत आपलें हें मुक्त विद्यापीठ होतें. या योजनेंत जमिनीवरचीं ठाणीं दोन प्रकारचीं असत. एका प्रकारच्या ठाण्यास पाठ केवळ घेतां येई. दुसऱ्यास तो घेतां येई आणि आपला प्रश्न उलट धाडतांहि येई.

आमच्या मतें साऱ्या वादाचा निर्णय या दोन ठाण्यांतच आहे. कोणतेंहि नवें साधन आलें कीं त्यास एकच प्रश्न विचारावा : हें विद्यार्थ्याची शंका शिक्षकापर्यंत परत नेतें काय? जेथें शिक्षकच पोहोंचत नाहीं, तेथें केवळ ऐकविणारें यंत्रहि उपकारकच होय, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्यावरच संतुष्ट राहणें बरें नव्हे. मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या, तेव्हां याचा अनुभव आम्हां शिक्षकांस आला. घरांत मोबाईल एकच, आणि तो घेऊन वडील अंबडच्या कारखान्यांत गेलेले, अशीं मुलें आमच्या वर्गांत होतीं. इतरांस आमचा आवाज ऐकूं जात होता. पण ज्याला समजलें नाहीं त्याच्या कपाळावरची आठी आम्हांस दिसत नव्हती. वर्षभर आम्ही बोललों खरे. पण कोण कोठें अडखळला तें शाळा उघडल्यावर समजलें.

आतां तर विचारल्याबरोबर उत्तर देणारीं यंत्रेंहि निघालीं आहेत. मग आमचा आक्षेप उरतो कोठें, असें कोणी चतुर विद्यार्थी विचारील. मित्रा, तूं खरोखर विचारतोस काय? गणित स्वतः करून पाहून, अडलेल्या पायरीपाशीं थांबून तूं प्रश्न केलास, तर तें यंत्र तुझा सोबती आहे. परंतु सबंध निबंधच त्याजकडून लिहवून घेऊन तो वहींत उतरविलास, तर तूं आपण होऊन केवळ घेणारें ठाणें झालास. आणि तुझी चूकच वहींत उतरली नाहीं, तर शिक्षकानें सुधारावें तें काय?

पालकांसहि आमची एक विनंति आहे. मुलाच्या हातून मोबाईल काढून घेणें सोपें आहे. 'आज तुला काय समजलें नाहीं?' असें त्याला रोज विचारणें कठीण आहे. तें कठीण काम आपण पत्करावें. ज्यांची शाळा लहानपणीं सुटली अशा कितीएकांस मुक्त विद्यापीठानें पूर्वतयारीच्या अभ्यासावरून पदवीच्या वाटेस लावलें. आपल्यापैकीं कोणा आईची वा वडिलांची शिकण्याची इच्छा अपुरी राहिली असेल, तर त्यांनीं संकोच करूं नये. आणि मुलांनीं घटकाभर आपला मोबाईल त्यांच्यापुढें ठेवून शेजारीं बसावें. ज्या घरांत आई मुलाला शंका विचारते आणि मूल आईला, त्या घरीं ज्ञानगंगा खरोखरच पोहोंचली, असें आम्ही समजूं.