परात कोणी ठेवली?

अप्रेझलच्या मीटिंगमध्ये एक वाक्य हमखास येतं. ‘उतरंड निसर्गातच असते. कोंबड्यांतसुद्धा पेकिंग ऑर्डर असते!’ म्हणणाऱ्याने कोंबडी शेवटची पाहिलेली असते ती बिर्याणीत. तरी सगळे माना डोलावतात. मीही डोलावली होती.

मे महिन्यात दोन आठवडे मी खटाव तालुक्यात मामाच्या शेतावरून काम केलं. वीज गेली की लॅपटॉप मिटायचा आणि ओसरीत बसून कोंबड्या बघायच्या. मामीकडे २३ पाखरं आहेत: १४ गावरान, ४ गिरिराज, ३ कडकनाथ आणि २ कोंबडे. सकाळी खुराडं उघडलं की दिवसभर उकिरडा, गोठा, शेवग्याखालची माती उकरत हिंडायचं, अंधार पडायला लागला की आपण होऊन परत.

उतरंड आहे, हे आधीच कबूल करते. नॉर्वेच्या थॉर्लीफ शेल्डरुप-एब्बे याने लहानपणापासून कोंबड्या न्याहाळून १९२१-२२ च्या सुमारास ती मांडली, आणि मामीच्या अंगणातही ती दिसते. पण ती कशावर ठरते ते बघा. सगळ्यांत वर आहे एक म्हातारी तांबडी गावरान. वजनाने गिरिराज तिच्या दीडपट, तरी ती आली की बाजूला होतात. अंडी म्हणाल तर तांबडी आठवड्याला दोन देते, तीही मनात आलं तर. सगळ्यांत खाली कडकनाथ. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण इथे ते कोण विचारतो? त्या तिघी बाजारातून सगळ्यांत शेवटी आल्या, म्हणून खाली. यात कर्तबगारी कुठे आहे? आणि ही उतरंड कायमची पण नाही. खुडूक बसलेली एक साधी मधली कोंबडी पिल्लं घेऊन बाहेर पडली, तर तांबडीनेसुद्धा तिला वाट दिली.

दुसरं म्हणजे, एकदा कोण कोण आहे हे कळलं की कोंबड्या फारशा भांडत नाहीत. नुसती मान उंचावली की समोरची सरकते, विषय संपला. दिवसातला बहुतेक वेळ कोणी कोणाकडे बघतही नाही. जो तो आपली माती उकरतो.

एका संध्याकाळी मी आळस केला. मामी एक मापटं मक्याचा भरडा अंगणभर फेकते. मी तेवढाच भरडा परातीत ओतून मध्ये ठेवला. दहा मिनिटांत टोचण्याचे ४१ प्रसंग मोजले (इंजिनिअर आहे, मोजणारच). एका कडकनाथच्या तुऱ्यातून रक्त आलं आणि ती न खाता गोठ्यात जाऊन उभी राहिली. मामी बाहेर आली आणि म्हणाली, “अगं, एका जागी ठेवलंस तर टोचणारच की. पसरून टाक.” दुसऱ्या दिवशी तेच मापटं, पसरून. पाच वेळा टोचलं. कडकनाथने पोट भरून खाल्लं.

पगारवाढीचे पैसे मर्यादित असतात, असं यावर मला सांगितलं जातं. असतील. भरडाही दोन्ही दिवस एकच मापटं होता. बेल कर्व्ह पैसे वाचवत नाही, तो परात ठेवतो. सहाजणांनी उत्तम काम केलं तरी एकाला खालच्या डब्यात टाकायचंच, हा नियम कुठल्या कोंबडीने केलेला नाही.

कोंबड्यांचाच दाखला द्यायचा, तर पूर्ण द्या. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्युर यांनी पैदाशीसाठी सर्वाधिक अंडी देणारी एकेक ‘स्टार’ कोंबडी न निवडता पिंजऱ्यातला अख्खा गट पारखून निवडला. चोची न कापता. १९९६ मध्ये त्यांनी निकाल छापला: गर्दीच्या पिंजऱ्यात वर्षाला मरणाऱ्या कोंबड्यांचं प्रमाण दुसऱ्या पिढीत ६८ टक्के होतं, ते चौथ्या पिढीत ८.८ वर आलं. कोंबडीमागे वर्षाची अंडी ९१ वरून २३७ झाली, कारण कोंबड्या जिवंत राहिल्या. एरवी पोल्ट्रीत यावर उपाय काय असतो? चोच कापायची. पिंजरा तसाच. आमच्याकडे रेटिंग लागल्यावर तणावमुक्तीचा वेबिनार ठेवतात.

आता माझं. मार्चमध्ये माझ्या सहा जणांच्या टीममधून एक नाव मागितलं गेलं आणि मी ते दिलं. त्याची तिकिटं कमी होती. रात्री-बेरात्री सर्व्हर पडला की बाकीच्यांच्या वाटचे फोन तो उचलायचा, त्याचा रकाना शीटमध्ये नव्हता. मला हे माहीत होतं. टीममध्येही तोच सगळ्यांत नवा होता. तो अजून माझ्याशी नीट बोलतो, चहाला हाक मारतो, आणि तेच जास्त लागतं.

सप्टेंबरमध्ये पुन्हा नाव मागतील. फॉर्ममध्ये तो रकाना अनिवार्य आहे, शेजारी लाल चांदणी. तो रिकामा ठेवून सबमिट दाबल्यावर कोणता एरर येतो आणि त्यानंतर कोणाचा फोन येतो, हे मला बघायचंय.