तारा जोडताय, ग्रामसभेला विचारलं का?



कोळशाची, पाण्याची, वाऱ्याची, उन्हाची सगळी वीज आता एकाच जाळ्यात जोडायची म्हणे. जोडा ना! उन्हाच्या विजेला आपला विरोध नाही, कोळशाच्या धुरापेक्षा ती कधीही बरी. पण ऊन सांजेला मावळतं, आणि शहराला जास्त वीज लागते ती दिवेलागणीला. मग दुपारची वीज साठवायची कुठं? तर आमच्या डोंगरात. वर एक धरण, पायथ्याला दुसरं. वीज उरली की पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडायचं. अकोले तालुक्यात घाटघरला २५० मेगावॉटचा असा प्रकल्प २००८ मध्येच सुरू झाला. यात नवी वीज होत नाही. चार युनिट घाला, जेमतेम तीन परत मिळतात. ही शहराची बॅटरी आहे, आणि तिच्यासाठी तलाव, बोगदे, रस्ते, मनोरे, सगळं जंगलात.

सरदार सरोवराच्या वेळी महाराष्ट्राला २७ टक्के वीज मिळणार म्हणून सांगितलं. त्यापायी अक्कलकुवा-धडगावची ३३ गावं फुगवट्यात आली. त्याच धडगावात बिलगावच्या लोकांनी श्रमदान करून उदय नदीच्या धबधब्यावर १५ किलोवॅटचं वीजघर उभारलं. २००३ मध्ये पाड्यांत दिवे लागले. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या पाण्यानं तेच वीजघर बुडवलं. मोठ्या विजेनं छोटी वीज गिळली, आणि याला विकास म्हणायचं!

जोडणीच करायची तर पाड्यापासून करा. पावसाळ्यात ढगामुळे सोलर मंद पडतो, तेव्हा ओहोळ दुथडी वाहतो. चैत्रात ओहोळ आटतो, तेव्हा ऊन रखरखतं. दोन्ही एका तारेवर घेतले तर पाड्याचे दिवे, पिठाची गिरणी, पाण्याचा पंप बारा महिने चालेल. रात्रीपुरती बॅटरी ठेवा. त्याला डोंगर पोखरावा लागत नाही.

हे कायद्याबाहेरचं मागणं नाही. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) वाचा. सरकारनं करायच्या १३ सोयींत विजेच्या तारा आहेत, अपारंपरिक ऊर्जाही आहे. अट एवढीच, की जमीन एक हेक्टरपेक्षा कमी, तोडायची झाडं हेक्टरी ७५ च्या आत आणि ग्रामसभेची शिफारस. शाळेला, दवाखान्याला वीज मागितली की फॉरेस्टवाले म्हणतात, जंगलातून तार नेता येत नाही. मोठ्या मनोऱ्यांना बरी जागा मिळते!

कलम ४(५) पण ध्यानात ठेवा. दाव्यांची पडताळणी पुरी झाल्याशिवाय कुणालाही जमिनीवरून उठवता येत नाही. मोजणीला कुणी आलं तर आधी विचारा, कुठल्या कामाची मोजणी, हुकूम कुणाचा? कागदाची नक्कल घ्या. कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नका. येत्या ग्रामसभेत दोन ठराव घ्या: दावे निकाली निघेपर्यंत सर्वेक्षणाला संमती नाही, आणि आमच्या पाड्याला कलम ३(२) खाली वीज द्या. प्रोसिडिंग बुकात लिहून घ्या, पोच घ्या आणि एक झेरॉक्स संघटनेकडे पाठवा.