शंभर नगांच्या पेटीचा मोह

घरच्या घरी दुचाकीची किरकोळ कामं करायची ठरलं की पहिला मोह होतो तो शंभर-सव्वाशे नगांच्या चकचकीत पेटीचा. ती घेऊ नका. त्यातले निम्मे नग ड्रायव्हरची चिमुकली टोकं असतात आणि उरलेल्यांतले कित्येक तुमच्या गाडीला कधी लागतच नाहीत. स्प्लेंडरसारख्या गाडीचं बरंचसं काम ८, १०, १२, १४ आणि १७ या मापांत उरकतं. इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट १७ चा. एवढेच पाने घ्या, पण क्रोम व्हॅनेडियमचे, नाशिकच्या टपारियासारख्या नावाजलेल्या कंपनीचे. सॉकेट घेताना आत डोकावून बघा. बारा कोपऱ्यांचा चटकन बसतो खरा, पण गंजलेल्या बोल्टवर आधी तोच घसरतो. सहा कोपऱ्यांचा बोल्टच्या सपाट बाजूंना धरतो. खरी मेख स्टार स्क्रूंची. जपानी वळणाच्या गाड्यांवर ते बहुधा जपानी मानकाचे, म्हणजे जेआयएसचे असतात. त्यांत नेहमीच्या फिलिप्स ड्रायव्हरचं टोक तळाशी टेकत नाही, जोर लावला की वर उसळतं आणि खाच खाऊन टाकतं. मग छिन्नी-हातोडी आलीच! म्हणून कार्ब्युरेटरला हात घालणार असाल तर एक जेआयएस ड्रायव्हर आधी मिळवा, भले दोन पैसे जास्त पडोत. काटकसर करायची तर ती हातोडीत, नरसाळ्यात करा. जुनं ऑइल काढायला एखादा जुना टब चालतो. ॲडजस्टेबल पाना मात्र नळाच्या कामालाच ठेवा.