जुन्या मोटारीची झाकली मूठ

आठवडी बाजारात बैल घ्यायला गेलेला शेतकरी जनावराचे दात पाहतो, खूर तपासतो, चार पावले चालवून पाहतो आणि मगच भावाची बोलणी सुरू करतो. आयुष्याच्या बचतीतून जुनी मोटार घेणारा सुशिक्षित नोकरदार मात्र पुष्कळदा रंग, किलोमीटरचा आकडा आणि किंमत एवढेच पाहून विसार देऊन मोकळा होतो. यात त्याचा निष्काळजीपणा असतोच. पण दोष सर्वस्वी त्याचा नव्हे. बैलाची खोड बाजारात थोडीफार तरी दिसते. मोटारीला झालेला अपघात रंगाच्या एका थराखाली दिसेनासा होतो.

अर्थशास्त्रात या प्रश्नाला मोठे स्थान आहे. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेतले होते. पुढे २००१ साली मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिगलिट्झ यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा युक्तिवाद सोपा आहे. समजा, चांगल्या गाडीचे मोल चार लाख आणि मार खाल्लेल्या गाडीचे दोन लाख आहे. विकणाऱ्याला खरे माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सावधपणे मधली तीन लाखांची किंमत देऊ करतो. या किमतीला चांगल्या गाडीचा मालक गाडी बाजारात आणीतच नाही; खराब गाडीचा मालक मात्र आनंदाने आणतो. झाकली मूठ सव्वा लाखाची ठरते, आणि प्रामाणिक विक्रेत्यालाच बाजार सोडावा लागतो.

प्रश्न केवळ पैशांचा असता तर तो मध्यमवर्गीयांचे आणखी एक गाऱ्हाणे म्हणून सोडून देता आला असता. परंतु अपघातात सांगाडा वाकलेली गाडी पुढच्या धडकेत आतल्या माणसांना पूर्वीइतके संरक्षण देईल याची खात्री नसते. एकदा फुगलेली एअरबॅग पुन्हा न बसवताच गाडी विकली गेली, तर त्याची किंमत नव्या मालकाच्या कुटुंबाला मोजावी लागते. पुराचे पाणी शिरलेल्या गाडीत विजेच्या तारांचे सांधे आतून हळूहळू गंजत राहतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ साली सांगली-कोल्हापूर आणि २०२१ साली चिपळूण पाण्याखाली गेले. अशा प्रत्येक पुरानंतर भिजलेल्या गाड्या धुऊनपुसून, जिथे पूर आलाच नव्हता अशा गावी विकल्या जाण्याचा धोका असतो.

नोंद आहे, पण कोणापाशी?

हा इतिहास कोणालाच ठाऊक नसतो असे नाही. विम्यातून भरपाई घेतली असेल, तर सर्व्हेअरचा अहवाल, दुरुस्तीचे बिल आणि दिलेली रक्कम यांची नोंद विमा कंपनीपाशी असते. दुरुस्तीचा खर्च पॉलिसीत नमूद केलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर गाडी पूर्ण नुकसानीत गेली असे धरले जाते. परंतु दुरुस्ती परवडत नाही म्हणजे दुरुस्ती होऊच शकत नाही, असे नव्हे. अशी गाडी मोडीच्या भावाने विकत घेऊन, डागडुजी करून पुन्हा रस्त्यावर आणणारे असतातच. मोटार वाहन कायद्याच्या ५५व्या कलमानुसार नष्ट झालेल्या वा कायमची निकामी झालेल्या वाहनाची नोंदणी रद्द व्हायला हवी. पण दुरुस्त होऊ शकणाऱ्या गाडीची नोंदणी जिवंत राहू शकते. सरकारच्या ‘वाहन’ यंत्रणेत गाडी कितव्या मालकाची आहे, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे काय, विमा केव्हा संपतो, हे कळते. तिला कोणता मार बसला, हे मात्र ग्राहकाला तेथे कळत नाही. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या नियमांचा रोखही मुख्यत्वे मालकी व जबाबदारी यांच्याकडेच आहे.

मौनाचा अर्थ

या बाबतीत आपला १८७२ चा करार कायदा उद्बोधक आहे. त्याच्या १७व्या कलमाखालच्या दृष्टांतांत एक घोडा येतो. सदोष घोडा लिलावात विकताना मालक नुसता गप्प राहिला, तर ती फसवणूक नव्हे. परंतु ‘तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन’ असे घेणाऱ्याने म्हटले आणि मालक तरीही गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच मानले जाते. तात्पर्य, विचारणाऱ्याला कायदा जवळ करतो. म्हणून ‘या गाडीला मोठा अपघात झालेला नाही, ती पुरात बुडालेली नाही, तिच्यावर विम्याचा मोठा दावा झालेला नाही’ असे विक्रेत्याकडून सहीनिशी लिहून घ्यावे. संकोच करू नये.

त्याबरोबर आधीच्या पॉलिसीही मागाव्यात. दावा न केल्यास ‘नो क्लेम बोनस’ पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून वाढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर जातो. एकाच मालकाकडे अनेक वर्षे असलेल्या गाडीचा बोनस मध्येच शून्यावर आला असेल, तर कारण विचारलेच पाहिजे. चासीस क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावा. सर्व काचांवरील निर्मितीचे वर्ष जुळते का ते पाहावे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचे डाग शोधावेत. आणि विक्रेत्याने सुचविलेल्या नव्हे, तर आपल्या माहितीच्या मेकॅनिककडून गाडी उचलून खालून तपासून घ्यावी.

पण व्यक्तीच्या दक्षतेवर सारा बाजार चालू शकत नाही. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने राष्ट्रीय नोंदव्यवस्थेचा पाया घातला. मोडीत काढलेल्या गाड्यांची माहिती विमा कंपन्या व भंगार व्यावसायिकांना तीत द्यावी लागते. ब्रिटनमध्ये अशा गाड्यांची नुकसानीनुसार वर्गवारी केली जाते. आपल्याकडेही ठरावीक मर्यादेपलीकडच्या प्रत्येक दाव्याची नोंद ‘वाहन’ यंत्रणेत व्हावी आणि मालकी-हस्तांतराच्या २९ व ३० क्रमांकांच्या अर्जांना विक्रेत्याचे नुकसानविषयक निवेदन जोडणे सक्तीचे व्हावे. यामुळे मालकाच्या खासगीपणावर आक्रमण होईल, हा आक्षेप टिकणारा नाही. नोंद गाडीची आहे, माणसाची नव्हे. दावेदाराचे नाव उघड करण्याचे कारणच नाही.

मार खाल्लेली गाडी विकूच नये, असे कोणी म्हणणार नाही. नीट दुरुस्त केलेली, कमी किमतीची गाडी गरजूला उपयोगीच पडते. मात्र ती आपल्या खऱ्या इतिहासासह आणि त्या इतिहासाला साजेशा किमतीला विकली जावी. एवढी माहिती उघड करण्याचे बंधन घातले, तर घेणारा फसणार नाही आणि चांगली गाडी विकणाऱ्याला चांगला भाव मिळेल.