पुलाखालचा बाजार

२००२ साली जे. जे. उड्डाणपूल सुरू झाला, तेव्हापासून मोहम्मद अली रोडवरचे मोटारीतले गिऱ्हाईक आपल्या डोक्यावरूनच निघून जाते. खाली उरले ते पायी येणारे. महापालिकेने रस्त्याकडे दुर्लक्ष केले हे खरे. पण या पायी गिऱ्हाइकासाठी आपण काय केले? फूटपाथवर खोकी आपलीच, हातगाड्याही आपल्याच मालाच्या. कडेवर मूल घेतलेल्या भगिनीने चालायचे कुठून? रमजानची गर्दी मिनारा मशिदीपाशी खाऊनपिऊन परतते. आतल्या गल्लीतल्या अत्तरवाल्याने, शिंप्याने उरलेले अकरा महिने कसे काढायचे? व्यापारी बांधवांनी आधी आपापल्या दुकानापुढची वाट मोकळी करावी. मग पालिकेकडे दिवाबत्ती मागताना आवाजही चढवता येईल.